एका संध्याकाळचे दोन मालक

२०२५ च्या अखेरीस महिनाभराच्या अंतराने युद्धाचे दोन मोठे गेम बाजारात आले. ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'बॅटलफिल्ड ६'च्या पहिल्या तीन दिवसांतच ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. नोव्हेंबरमधल्या 'कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ७'ची सुरुवात मात्र त्या मालिकेच्या मानाने थंड झाली. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, लोक सीक्वेलना विटले आहेत. त्याच भिंतीला दरवर्षी नवा रंग मारून किती दिवस घर नवं म्हणून विकणार? दुसरा तट म्हणाला, ही ओरड दर दोन-तीन वर्षांनी होते आणि पुढच्या वर्षी ओरडणारेच रांगेत पहिले असतात. थकवा वगैरे इंटरनेटवरची हवा आहे, विक्रीचे आकडे बघा.

खरं सांगायचं तर मालिकांपेक्षा मला या वादाचाच जास्त शीण आलाय. पहिली बाजू रोगाचं नाव सांगते, पण दुखतंय कुठे हे विचारत नाही. दुसरी बाजू थर्मामीटर नाचवत रोगच नाही म्हणते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खेळणारे लोक जुन्या मालिकांना विटलेले नाहीत. विटले असते तर त्याच मालिकांचे जुने भाग रात्र-रात्र खेळत बसले नसते. झालंय ते असं, की गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी एकाच गिऱ्हाइकाला दोन वस्तू विकायला काढल्या. एक, कधीच न संपणारा गेम. दुसरी, त्याच नावाचा, ठरावीक काळाने येणारा नवा गेम. पहिली वस्तू यशस्वी व्हायची तर माणूस तिथून हलता कामा नये. दुसरी यशस्वी व्हायची तर तो हललाच पाहिजे. दोन्ही हिशेब त्याच माणसाच्या त्याच संध्याकाळवर मांडलेले आहेत. ज्याला आपण थकवा म्हणतो, तो बराचसा या ओढाताणीतून आलेला आहे.

आधी 'विक्री घटली' या शब्दांची झाडाझडती घेऊ, कारण दोन्ही तट ते फार सहज वापरतात. २०१३ मध्ये 'टूम रेडर' नव्या रूपात आला. चार आठवड्यांच्या आत त्याच्या ३४ लाख प्रती गेल्या आणि तरीही प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने तो अपेक्षेपेक्षा कमी चालल्याचं सांगितलं. 'डेड स्पेस'ची कथा याहून बोलकी. अंधाऱ्या बोळांत एकट्याने जीव मुठीत धरून फिरण्याचा तो खेळ. तिसऱ्या भागाच्या वेळी प्रकाशक ईएच्या (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं, की अशा मालिकेत पैसे घालत राहायचे तर प्रेक्षक सुमारे ५० लाखांच्या घरात हवा. मग तो गाठण्यासाठी भीतीच्या खेळात जोडीदार आला, बंदुका जुळवायचं दुकान आलं, आणि भीती पातळ झाली. २०१३ च्या त्या भागानंतर मालिका दहा वर्षं गप्प बसली. २०२३ मध्ये पहिल्याच भागाचा रीमेक आला तेव्हा कुठे तिचं नाव पुन्हा ऐकू आलं. आता विचारा, इथे थकलं कोण? भीतीचे चाहते जेवढे होते तेवढेच होते. वाढलं होतं ते खर्चाचं पोट.

ते पोट आता किती सुटलंय हे न्यायालयीन कागदांतून बाहेर आलं आहे. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या 'ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर' या भागावर त्याच्या सगळ्या आयुष्यात मिळून ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. एवढा पैसा वसूल व्हायचा तर मालिका दहा वर्षांपूर्वीइतकीच विकली गेली, तरी ती 'घसरली' म्हणायची वेळ येते. आणि उलटंही होतं. मायक्रोसॉफ्टने 'कॉल ऑफ ड्यूटी'ची प्रकाशक अॅक्टिव्हिजन विकत घेतल्यावर 'ब्लॅक ऑप्स'चे सहावा आणि सातवा हे दोन्ही भाग पहिल्या दिवसापासून गेम पास या मायक्रोसॉफ्टच्याच मासिक वर्गणीत मिळाले. तिथे खेळणारा माणूस विक्रीच्या आकड्यात दिसतच नाही. म्हणजे थर्मामीटर दोन्ही बाजूंनी बिघडलेला आहे: ताप नसताना दाखवतो आणि असताना लपवतो.

तरीही 'आकडे बघा' म्हणणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चाहत्यांची तोंडाळ नाराजी आणि त्यांचं पाकीट यांचा फारसा संबंध नसतो, हे अनेकदा सिद्ध झालंय. २००९ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'च्याच 'मॉडर्न वॉरफेअर २' या भागाच्या पीसी आवृत्तीत खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवता येणार नाहीत हे कळल्यावर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर बहिष्काराचा गट निघाला. गेम आला त्या दिवशी कुणीतरी त्या गटाच्या सदस्ययादीचं चित्र टिपलं. बहिष्कार घालणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या क्षणी तोच गेम खेळत होते! हे चित्र आठवलं की मला आजही हसू येतं, आणि 'या वेळी लोक खरंच चिडलेत' असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. २०२२ मध्ये 'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'व्हायलेट' अडखळत, झटके खात चालत होते, सगळीकडे त्यांची थट्टा चालली होती, आणि तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या.

नव्या कल्पनांचा जयघोष करणाऱ्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. नवं काही केलं की लोक घेतात, हे खोटं आहे. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा पूर्णपणे नव्या नावाचा गेम २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद पडला. पैसे परत द्यावे लागले. त्याच वर्षी 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' आला. जुन्या नावाला खरोखर ताजा आकार दिलेला, समीक्षकांनी उचलून धरलेला गेम. खप कमी झाला आणि तो करणारा चमू विखुरला गेला. सहाशे माणसांचे पगार देणाऱ्या माणसाने हे बघून 'पुन्हा जुनंच काढू या' असं ठरवलं, तर त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. त्याच्या खुर्चीत बसून वेगळं ठरवणं अवघड.

मग औषध काय? थकव्याच्या बाजूचे वैद्य दोनच औषधं सांगतात: विश्रांती घ्या, नाहीतर बदल करा. पहिल्या औषधासाठी नेहमी 'असॅसिन्स क्रीड'चा दाखला येतो. २००९ पासून दरवर्षी एक भाग, २०१४ मध्ये तर दोन. त्यातला 'युनिटी' इतका कच्चा निघाला की पात्रांचे चेहरे गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत तरंगत होते. प्रकाशक युबिसॉफ्टने माफी मागितली, पुढचं कथानक फुकट दिलं. २०१६ मध्ये मुख्य भाग आलाच नाही, २०१७ मध्ये 'ओरिजिन्स' इजिप्तमध्ये गेला आणि मालिका सावरली. सुंदर कथा आहे. पण मग 'बॅटलफिल्ड २०४२'चं काय? आधीच्या भागानंतर तीन वर्षांची विश्रांती घेऊन तो २०२१ मध्ये आला आणि आल्या-आल्या कोसळला. साम्राज्य उभारण्याच्या 'सिव्हिलायझेशन'चा सातवा भाग सहाव्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. स्टीमवर त्याला संमिश्र अभिप्राय मिळाले आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्यापेक्षा जास्त माणसं सहावा, इतकंच काय २०१० चा पाचवा भाग खेळताना दिसू लागली. आठ वर्षांच्या झोपेनंतरही थकवा जात नसेल, तर तो झोपेअभावी आलेला नव्हता.

आणि दरवर्षी येणं हाच गुन्हा म्हणावा, तर 'याकुझा' या जपानी टोळीकथांच्या मालिकेने तो वीस वर्षं, एखाद-दुसरं वर्ष सोडता, बिनदिक्कत केलाय. २००५ पासून त्याच कामुरोचो नावाच्या काल्पनिक वस्तीच्या त्याच गल्ल्या, त्याच पाट्या, तेच कोपरे. हा स्टुडिओ जुन्या इमारती, जुन्या हालचाली, जुने छोटे खेळ पुन्हा वापरतो आणि लपवतही नाही. फेब्रुवारी २०२३, नोव्हेंबर २०२३, जानेवारी २०२४, फेब्रुवारी २०२५, असे त्यांचे गेम येत राहिले. यातल्या जानेवारी २०२४ च्या 'इन्फिनिट वेल्थ'ने पहिल्याच आठवड्यात दहा लाखांचा टप्पा गाठला, आणि तेवढ्या वेगाने तो त्या मालिकेत आधी कुणी गाठला नव्हता. पुनर्वापराबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी 'झेल्डा'चा इतिहासही आठवावा. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'चं तंत्र आणि पात्रांचे साचे तसेच उचलून निन्टेंडोने २००० मध्ये 'माजोराज् मास्क' केला, आणि आज त्याला झेरॉक्स म्हणणारा माणूस सापडणार नाही. यमन हजारदा ऐकलेला माणूस पुन्हा यमन ऐकायला बसतो. ओळखीचं असणं हा दोष असता तर सगळ्या कलांची दुकानं केव्हाच बंद झाली असती.

तर दरवर्षी येणारी एक मालिका वाढते, आठ वर्षांनी येणारी दुसरी अडखळते. विश्रांती आणि बदल या दोन शब्दांनी हे कोडं सुटत नाही. मला वाटतं ते एका वेगळ्या प्रश्नाने सुटतं: आधीचा भाग संपतो का?

'याकुझा'चा भाग संपतो. चाळीस, पन्नास, साठ तास तुम्ही त्या माणसांबरोबर राहता, शेवटी कुणीतरी पाऊस पडत असताना रडतं, नामावली वर सरकते आणि कन्सोल बंद होतो. पुढचा भाग येईपर्यंत तुमच्या संध्याकाळी तुमच्या असतात. 'रेसिडेंट ईव्हिल' हा भीतीचा खेळही संपतो. २०१२ चा सहावा भाग सगळ्यांना सगळं देण्याच्या नादात पसरला आणि प्रकाशक कॅपकॉमला विक्रीचा ७० लाखांचा अंदाज उतरवत ५० लाखांवर आणावा लागला. मग २०१७ मध्ये सातव्या भागात त्यांनी पुन्हा एक घर, एक माणूस आणि एक दार एवढंच ठेवलं. त्याची सुरुवात धडाकेबाज नव्हती, पण तो वर्षानुवर्षं विकला जात राहिला. असा खेळ संपवून उठलेला माणूस पुढच्यासाठी भुकेला होतो. भूक लागायला पोट रिकामं असावं लागतं, एवढी साधी गोष्ट आहे ही.

'सिव्हिलायझेशन' मात्र संपत नाही. एक डाव संपतो, खेळ संपत नाही. त्यात सहाव्या भागाला कित्येक वर्षं विस्तार मिळत राहिले: २०१८ मध्ये एक, २०१९ मध्ये दुसरा, पुढे नवे देश, नवे नेते, नव्या आपत्ती. आठ वर्षं मुरलेल्या त्या खेळाशेजारी सातवा भाग येऊन उभा राहिला तो कच्चा, कमी सामानाचा आणि महाग. या मालिकेच्या कर्त्यांचा एक जुना दंडक आहे: एक तृतीयांश जुनं ठेवा, एक तृतीयांश सुधारा, एक तृतीयांश नवं आणा. दंडक उत्तम आहे. पण तो ठरला तेव्हा नव्या भागाची तुलना जुन्याच्या पहिल्या दिवसाशी होत होती. आता ती त्याच्या शेवटच्या दिवसाशी होते. युग बदललं की आपला देशच बदलायचा, हा सातव्या भागातला बदल अनेकांना रुचला नाही हे खरं. पण तो रुचला असता तरी माणसं सहाव्यातून उठली असती का? मला शंका आहे.

इथे स्टीमचा एकच आकडा पुरेसा आहे. २०२४ मध्ये तिथे जेवढा वेळ खेळण्यात गेला, त्यातला फक्त १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या गेमना मिळाला. उरलेला ८५ टक्के जुन्यांना. याला नवेपणाचा दुष्काळ म्हणता येणार नाही, त्या वर्षी स्टीमवर हजारो नवे गेम आले. याला जुन्याचा वीट तर मुळीच म्हणता येणार नाही. माणसं जुन्याला घट्ट चिकटून आहेत. आणि ती चिकटावीत म्हणून कंपन्यांनीच डिंक लावलाय.

तो डिंक कसा काम करतो हे खेळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. रोजची तीन कामं, आठवड्याची सात, सीझन संपण्याआधी बॅटल पास नावाच्या बक्षिसांच्या जिन्याच्या शंभर पायऱ्या, आणि या दहा आठवड्यांत मिळवली नाही तर पुन्हा न मिळणारी स्किन, म्हणजे पात्राचा नवा पोशाख. छंदाला हजेरीपट लागला. हजेरीपट एकाच शाळेचा असेल तोवर माणूस निभावून नेतो, काहींना त्यात गंमतही वाटते. पण त्याच संस्थेने दर वर्षी नवी शाळा काढून तिथेही नाव घाला म्हटलं तर?

मी स्वतः एका फुटबॉलच्या गेममध्ये बारा महिने संघ बांधत होतो. रोज थोडं खेळून, थोडे पैसे घालून, एक-एक खेळाडू जमवून. नवा भाग आला. संघ शून्य. मला राग आला नाही, ही यातली गंमत. कुठे तक्रार लिहिली नाही, बहिष्काराच्या गटात गेलो नाही. नवा भाग घेतला नाही, इतकंच. कुठल्यातरी तक्त्यात माझी नोंद 'थकलेला ग्राहक' अशी झाली असणार. मी फुटबॉलला थकलो नव्हतो. दर सप्टेंबरला रिकाम्या मैदानावर उभं राहायला थकलो होतो.

यावर समोरून हमखास येणारा प्रश्न असा, की मग घेऊ नका ना, बंदूक लावलीय का कुणी? मोठा बिनतोड वाटणारा प्रश्न आहे. पण काही मालिकांच्या बाबतीत ग्राहकासमोर दुसरं दार उरलेलंच नाही. २००४ मध्ये सेगाने अमेरिकन फुटबॉलचा आपला गेम अवघ्या वीस डॉलरला विकायला काढला. त्याच खेळाच्या ईएच्या 'मॅडन'लाही आपली किंमत उतरवावी लागली. त्या डिसेंबरमध्ये ईएने एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगशी एकाधिकाराचा करार केला आणि खरे संघ, खरे खेळाडू घेऊन तसा गेम करण्याचा दुसऱ्या कुणाचा हक्कच संपला. त्यानंतरची विक्री म्हणजे प्रेम होतं की पर्यायाचा अभाव, हे आकड्यावरून कसं कळणार? 'ब्लॅक ऑप्स ७'ला जड गेलेल्या त्या हिवाळ्यातही लोक युद्धाच्या गेमना कंटाळलेले नव्हते. शेजारी दुसरं दार उघडं होतं, एवढाच फरक.

दुसरं उत्तर याहून कडू आहे. माणूस जुन्या खोलीतून उठत नाही म्हटल्यावर काही कंपन्यांनी खोलीचे दिवेच घालवायला सुरुवात केली. 'ओव्हरवॉच २' ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा पहिला 'ओव्हरवॉच' बंद केला गेला. ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो पुन्हा खेळता येईना. दुसरा भाग ज्या मोठ्या कथानकासाठी म्हणून घोषित झाला होता, तो बेत २०२३ मध्ये गुंडाळला गेला. 'डेस्टिनी २'ने २०२० मध्ये विकलेलं कथानकच तिजोरीत टाकलं, म्हणजे खेळातून काढून घेतलं. 'द क्रू' हा २०१४ चा शर्यतीचा गेम, २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा म्हटलं तरी चालेना. यातूनच गेम मारून टाकू नका म्हणणारी युरोपीय नागरिकांची मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिने दहा लाख सह्या ओलांडल्या. जुन्या गेमसाठी दहा लाख माणसं सही करतात, आणि आपण म्हणतो लोकांना जुन्याचा कंटाळा आलाय!

इतिहासाचा दाखला द्यायचा तर १९८३ चा देतात, मीही देतो, पण निष्कर्ष वेगळा काढतो. अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा सुमारे ३.२ अब्ज डॉलरवरून १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आला. गेमची न खपलेली काडतुसं (कार्ट्रिज) अटारी या कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली. २०१४ मध्ये त्यातली काही उकरून बाहेरही काढली गेली. तेव्हाच्या जाणत्यांचं निदान होतं, की हे खूळ होतं, लोकांना कंटाळा आला, संपलं. निन्टेंडोने १९८५ मध्ये आपलं यंत्र अमेरिकेत आणलं तेव्हा हे निदान मानलं नाही. त्यांच्या मते दुकानाच्या फळीवर कचरा साचला होता आणि खेळ निवडणाऱ्याचा विश्वास उडाला होता. म्हणून त्यांनी प्रकाशकांवर बंधन घातलं: वर्षाला पाचच गेम. ते बंधन दादागिरीचं होतं, त्यातून निन्टेंडोने स्वतःचं भलं करून घेतलं, आणि कोनामीने अल्ट्रा गेम्स नावाची दुसरी पाटी लावून त्याला बगलही दिली. पण निदान बरोबर होतं. त्यांनी ओळखलं होतं, की त्या बाजारात मोजून वापरायची वस्तू म्हणजे दुकानाची फळी. आज फळी अनंत आहे. मोजून वापरायची वस्तू आहे ती खेळणाऱ्याचे तास, आणि त्यांच्यावर कुणीच मर्यादा घातलेली नाही, कारण ते दुसऱ्याचे आहेत.

माझ्या मांडणीला न बसणारं एक उदाहरण लपवणं बरं नाही. प्लॅस्टिकची गिटार घेऊन खेळायचा 'गिटार हिरो'. २००७ च्या तिसऱ्या भागाची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं अॅक्टिव्हिजनने २००९ च्या सुरुवातीला सांगितलं. मग त्याच एका वर्षात मेटॅलिका या रॉक बँडचा, व्हॅन हेलन या दुसऱ्या बँडचा, पाचवा, बँडचा, शिवाय डीजेचा असे भाग ओतले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तो विभागच बंद केला. तिथे हजेरीपट नव्हता, बॅटल पास नव्हता. अति झालं आणि माती झाली. मान्य. पण त्यातही एक बारकावा आहे. लोकांना हवी होती नवी गाणी, आणि त्यांच्यासमोर ठेवली जात होती नवी खोकी. प्लॅस्टिकची गिटार प्रत्येकाच्या घरी आधीच होती. म्हणजे हलायचं कारण नसताना हलायला सांगणं, हा धागा तिथेही सापडतोच. फक्त त्याला थकव्याचं रूप लवकर आलं.

आणि आता परत 'कॉल ऑफ ड्यूटी'कडे, कारण हा पेच कंपनीला कळलेला नाही असं नाही. २०२१ चा 'व्हॅनगार्ड' अपेक्षेइतका चालला नाही तेव्हा अॅक्टिव्हिजनने दुसऱ्या महायुद्धाची पार्श्वभूमी काही खेळाडूंना भावली नाही, हेही कारण दिलं. असेलही. पण त्याच सुमारास त्यांचाच फुकट 'वॉरझोन' लाखो माणसं रोज खेळत होती. ज्याला रोजची लढाई फुकट मिळतेय त्याने ७० डॉलर कशासाठी मोजावेत, याचं उत्तर पार्श्वभूमी बदलून मिळत नाही. पुढे २०२२ च्या भागाने दहा दिवसांत अब्ज डॉलर कमावले, आणि २०२३ च्या भागात आधीची शस्त्रं व पोशाख बरोबर नेण्याची मुभा दिली गेली. ही कबुलीच होती, की माणूस रिकाम्या हाताने घर बदलत नाही. २०२५ मध्ये 'ब्लॅक ऑप्स ७'साठीही तशी सोय होणार होती, ती ऑगस्टमध्ये मागे घेतली. कारण नव्या खेळात जुने भडक पोशाख नकोत अशी बऱ्याच चाहत्यांची ओरड होती. हलवताना सामान दिलं तर घर जुनंच वाटतं, नाही दिलं तर हलायचं कशाला? डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं, की यापुढे 'मॉडर्न वॉरफेअर' किंवा 'ब्लॅक ऑप्स' लागोपाठ दोन वर्षं येणार नाहीत. म्हणजे पुन्हा विश्रांतीचं औषध, तेही नावापुरतं, कारण दरवर्षी काहीतरी येणारच आहे.

मला विचाराल तर यातून निघायला दोनच सरळ वाटा आहेत आणि दोन्ही महाग आहेत. एक, गेम संपू द्या. छोटा करा, स्वस्तात करा, जुनं सामान लाज न बाळगता वापरा, आणि माणसाला त्याची संध्याकाळ परत द्या. दोन, एकच गेम ठेवा आणि दरवर्षी नवं खोकं विकण्याचा मोह सोडा. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना दोन्ही नको असतात, कारण तिमाहीच्या ताळेबंदात दोन्हीकडची मिळकत आधीच धरलेली असते.

दुसऱ्या वाटेने हट्टाने गेलेलं मोठं नाव म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. २०१३ चा पाचवा भाग २० कोटींहून अधिक प्रती विकून अजून विकला जातोय, त्याचं ऑनलाइन शहर तेव्हापासून चालू आहे, आणि या सगळ्या काळात सहावा भाग आला नाही. त्याची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. अधीरता एवढी आहे, की तारीख पुढे गेल्याची बातमीसुद्धा जगभर मथळा होते. मालिकांचा थकवा म्हणतात तो इथे औषधालाही सापडत नाही. पण तो आला, की गेली तेरा वर्षं त्या जुन्या शहरात गाड्या, घरं आणि धंदे जमवून बसलेल्या माणसालाही तोच प्रश्न पडणार आहे, जो मला एका सप्टेंबरमध्ये पडला होता. त्याचं सामान बरोबर येणार की नाही, आणि नाही आलं तर जुन्या शहराचे दिवे किती दिवस चालू राहणार? माझी मांडणी खोटी ठरायची असेल तर ती इथेच ठरेल.